भरल्या गाडीचा आवाज

गोपाळराव आवटी देवासच्या एका गिअर कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरीला होते, आणि त्यातली सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच होतं : ऐकायचं. जोडून तयार झालेला प्रत्येक गिअरबॉक्स त्यांच्या छोट्या बंद खोलीत यायचा. तो बाकावर बसवायचा, एका बाजूनं मोटर जोडायची, दुसऱ्या बाजूनं ब्रेक लावून त्याच्यावर भार द्यायचा, आणि पहिला, दुसरा, तिसरा असे एकेक गिअर टाकत ऐकत राहायचं. गोपाळराव एक लांब सळई गिअरबॉक्सला टेकवत आणि तिची लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावत. आवाज चोख असला तर खडूनं बरोबरची खूण, नसला तर फुली. पुढे कंपनीनं मायक्रोफोनवालं यंत्र आणलं. तरीही यंत्राचं आणि इंजिनिअरचं एकमत झालं नाही, की साहेब म्हणत, आवटींना बोलवा.

सांगलीकडच्या एका खेड्यातून आयटीआय करून ते इथे आले तेव्हा बावीस वर्षांचे होते. दोन वर्षं काढून परत जायचं असं ठरवून आले होते. ते राहून गेलं. शैलाताई लग्न होऊन आल्या, मुलगी अक्षदा इथेच जन्मली, इथल्याच हिंदी शाळेत शिकली आणि लग्न होऊन भोपाळला गेली. आमचं घर त्यांच्या समोरच आहे. त्यामुळे मी जे सांगतो आहे त्यातलं निम्मं डोळ्यांदेखत घडलेलं आहे आणि निम्मं शैलाताईंनी सांगितलेलं.

निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने शैलाताईंना फार जड गेले. कारखान्यात कान लावून बसलेला माणूस घरात बसला, पण कान काही बसेनात. पंख्याचं बेअरिंग त्यांनी पहिल्याच आठवड्यात बदललं. मग दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आमच्याही घातलं. तुमची पाण्याची मोटर कण्हते आहे, असं मला दोनदा सांगून गेले आणि तिसऱ्यांदा पाना घेऊनच आले. शैलाताईंच्या मिक्सरचा आवाज त्यांना पसंत नव्हता. तो त्यांनी एका दुपारी पूर्ण उघडला, आणि संध्याकाळी पाहुणे यायचे होते तेव्हा त्याचे एकोणीस तुकडे वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले होते. त्या दिवशी शैलाताईंनी नारळाची चटणी पाट्यावर वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोपाळरावांच्या हातात पिशवी दिली, भाजी आणायला सांगितलं, आणि दोन तास तरी घरी येऊ नका हेही सांगितलं.

उज्जैन रस्त्याला जाताना अंशुल कदमचं गॅरेज लागतं. पिकअप, छोटे टेम्पो, लोडिंग ऑटो अशा गाड्या तिथे येतात. अंशुल पस्तिशीचा असेल. त्याचं घराणं जुन्या देवासचं, पवार राजांच्या दरबाराबरोबर आलेलं. त्याची आजी अजून पूजेत अस्सल जुनं मराठी बोलते, पण हा हिंदी शाळेतला. त्याच्या मराठीत निम्मे शब्द हिंदी असतात आणि मराठी वाचायचं म्हटलं की तो चष्मा विसरल्याचं सांगतो, जरी त्याला चष्मा नाही.

गोपाळराव भाजीची पिशवी घेऊन गॅरेजसमोरून चालले होते तेव्हा एक पिकअप गतिरोधकावरून आत वळली. मागून 'खट' असा एकच आवाज झाला. गोपाळराव थांबले. ड्रायव्हर उतरून अंशुलला सांगत होता की पुढून काहीतरी वाजतंय. गोपाळराव न राहवून म्हणाले, पुढून नाही, मागून डावीकडून, चाकावरच्या कमानीच्या लोखंडी पाट्यांच्या टोकाला जो झुलता दुवा असतो त्याचा रबरी बुश गेला आहे. अंशुलनं पिशवीतल्या मेथीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि हसत गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा हसत नव्हता.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही उद्या पण या ना. दस बजे."

असं ते सुरू झालं. रोज दहाला गोपाळराव गॅरेजवर जाऊ लागले आणि एकला जेवायला परत येऊ लागले. पैसे घेत नसत. अंशुल चहा पाजायचा आणि त्यांच्यासाठी प्लास्टिकची एक खुर्ची वेगळी ठेवायचा. गोपाळराव आधी ड्रायव्हरला बसवून विचारत. आवाज कधी येतो? ब्रेक मारल्यावर, वळताना, की खड्ड्यात? सकाळी गार गाडीला येतो, की तापल्यावर? एकदाच येतो, की चाक फिरेल तसा फिरतो? ड्रायव्हरांना आधी हे डॉक्टरी प्रश्न गमतीचे वाटत. पण उत्तरं देता देता त्यांचं त्यांनाच काहीतरी उमगायचं. मग गोपाळराव त्यांच्या शेजारी बसून एक चक्कर मारून येत आणि अंशुलला सांगत, कुठे हात घालायचा.

चूं चूं करत असेल तर पाटे कोरडे पडले आहेत. खड्ड्यात एकदाच ठक्क झालं तर बुश. चाकाबरोबर घरघर फिरत असेल तर बेअरिंग. आणि दहातल्या दोन गाड्यांना काहीच झालेलं नसायचं. एका दूधवाल्याच्या गाडीतला भयंकर खडखडाट सीटमागे सुट्या पडलेल्या जॅकचा निघाला. एका लग्नातल्या डीजेच्या पिकअपला तीन गॅरेजांनी नवे शॉकर, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, सुचवले होते. गोपाळरावांनी खाली वाकून सुट्या चाकाची सैल साखळी एका तारेनं बांधली आणि गाडी गप्प झाली. उज्जैन रस्त्यावरचे ड्रायव्हर त्यांना आवटीऐवजी 'आवाजी काका' म्हणू लागले. शैलाताईंना ते नाव आवडलं नाही, पण घरात दुपारपर्यंत शांतता होती, म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं.

मग एका मार्चमध्ये मनन आला.

मनन खातेगावचा. स्वतःची एकच पिकअप, स्वतःच चालवायचा. गव्हाचे दिवस होते, आठवड्यातून तीनदा तो पोती भरून देवासच्या मंडीत यायचा. पाच महिन्यांपासून त्याच्या गाडीत मागून धडंग असा आवाज येत होता. खातेगावात, कन्नौदमध्ये आणि इंदूरला मिळून चार मिस्त्रींनी शॉकर बदलले, बुश बदलले, पाटे उघडून ग्रीस लावलं. आवाज होता तिथेच होता. वाटेतल्या घाटात तो वाजला की आपण स्टिअरिंग इतकं घट्ट धरतो की बोटं दुखतात, असं त्यानं सांगितलं. आता गाडीच विकावी असं मनात आहे, पण मंडीत कुणीतरी काकाजींचं नाव सांगितलं, म्हणून आलो, म्हणाला.

गोपाळराव त्याच्या गाडीत बसले. मंडीत पोती उतरवून झाली होती, गाडी रिकामी होती. बायपासपर्यंत जाऊन आले, गतिरोधकावरून चार वेळा नेली. मागच्या उजव्या बाजूला बारीक टक् ऐकू आलं. गोपाळरावांनी शॉकरच्या खालच्या टोकाचा बुश सांगितला. तो खरंच थोडा खाल्लेला निघाला. अंशुलनं तो बदलला, टक् बंद झालं, आणि मनन पाया पडून गेला.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. गोपाळराव तेव्हा आमच्याच ओट्यावर बसले होते, त्यामुळे मी ऐकलं. तो तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता, ओशाळल्यासारखा बोलत होता.

"काकाजी, बुरा मत मानना. आवाज तो वहीं है."

गोपाळराव बरं म्हणाले, फोन खिशात ठेवला आणि चहा अर्धा टाकून घरी गेले.

त्यानंतर तीन दिवस ते गॅरेजवर गेले नाहीत. अंशुल बोलवायला आला तर अंगात कसर आहे म्हणाले. चौथ्या दिवशी एकटेच जाऊन कानाच्या डॉक्टरांकडे तपासून आले. बंद खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबा असं सांगून घेतात ती तपासणी. डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि सांगितलं की वयाच्या मानानं कान चांगले आहेत, वरच्या पट्टीतले बारीक आवाज मात्र कमी येतात, कारखान्यात इतकी वर्षं काढल्यावर असं होतंच. गोपाळरावांनी तो कागद घरी आणून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. ती जागा लपवायला अगदीच चुकीची होती. तो शैलाताईंना संध्याकाळच्या आत सापडला.

 रात्रीचं जेवण झाल्यावर शैलाताई भांडी आवरता आवरता म्हणाल्या, की मननच्या गाडीत मीठ किती होतं ते कळलं नाही, कारण तुम्ही भाजी न घालता नुसत्या पाण्याची चव घेतलीत. गोपाळरावांना त्याचा अर्थ लागला नाही. मग शैलाताईंनी हात पुसले आणि त्या समोर येऊन बसल्या.

"अहो, सव्वीस वर्षं रोज जेवताना मी एकच ऐकलंय. भार दिल्याशिवाय गिअरबॉक्स खरं बोलत नाही. ऐकलंय ना? मग त्या मुलाची गाडी तुम्ही रिकामी का ऐकलीत?"

 चारही मिस्त्रींकडे मनन पोती उतरवूनच गेला असणार, हे गोपाळरावांच्या तेव्हा लक्षात आलं. भरलेल्या गाडीखाली शिरायला कोण तयार होतं? नंतर त्यांनी मननला फोन लावला आणि विचारलं की आता गाडी कधी भरणार आहेस. तो म्हणाला, परवा सकाळी. गोपाळराव म्हणाले, भरून ठेव, पण मी येईपर्यंत घाटात घालू नकोस.

मीही येते, असं शैलाताई म्हणाल्या. इतकी वर्षं देवासात काढून त्यांनी नेमावरची नर्मदा पाहिली नव्हती आणि खातेगावाहून नेमावर जवळ आहे.

पहाटेच्या बसनं दोघं निघाले. चापडा, कन्नौद करत साडेनऊला खातेगावला पोचले. मनन बसस्टँडवर उभा होता. गाडी घराजवळ, पंधरा क्विंटल गहू भरून तयार. त्याच्या आईनं आधी पोहे आणि जिलबी खाऊ घातली. त्याशिवाय कुणी गाडीला हात लावायचा नाही असं तिनं सांगितलं होतं.

गोपाळरावांनी नेमावरच्या बाजूचा सपाट रस्ता निवडला. आधी ते गाडीत बसलेच नाहीत. मननला चालण्याच्या वेगानं गाडी न्यायला सांगून स्वतः मागच्या चाकाशेजारून चालू लागले. वीस पावलांवर ब्रेक मारायला लावला. धडंग. आवाज इतका मोठा होता की शेतातल्या एका बाईनं वर पाहिलं. पुन्हा निघताना, क्लच सुटला तसा, पुन्हा धडंग. खड्ड्यातून गाडी गेली तेव्हा मात्र काहीच वाजलं नाही. गोपाळरावांचा चेहरा उजळला, असं शैलाताई सांगतात. खड्ड्यात वाजत नाही, म्हणजे गाडी वर-खाली होताना काही सैल नाही. निघताना आणि थांबताना वाजतं, म्हणजे काहीतरी पुढे-मागे सरकतं आहे.

त्यांनी मननकडे सुतळी मागितली. एक टोक शैलाताईंना पुढच्या चाकाच्या मधोमध धरायला लावलं आणि दुसरं स्वतः मागच्या चाकाच्या मधोमध आणून गाठ मारली. हे डावीकडे. तीच सुतळी उजवीकडे लावली, तर गाठ मागच्या चाकाच्या मध्याला बोटभर कमी पडली, म्हणजे ते चाक मागे सरकलं होतं. पुन्हा मोजलं, पुन्हा बोटभर. शैलाताईंनी तुमचा हात हलला असेल असं म्हणून तिसऱ्यांदा मोजायला लावलं. तरी बोटभरच.

मग गोपाळराव उजव्या मागच्या चाकाजवळ बसले. तिथे पाट्यांचा गठ्ठा एक्सलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या आडव्या दांड्यावर, बसलेला असतो आणि इंग्रजी यू अक्षरासारखे दोन बोल्ट त्याला आवळून धरतात. गठ्ठ्याच्या मधून आरपार एक सेंटर बोल्ट जातो आणि त्याचं डोकं एक्सलवरच्या भोकात बसतं, म्हणजे एक्सल जागचा हलत नाही. वरून पाहिलं तर त्या बोल्टाची चाकी, म्हणजे नट, घट्ट होती. म्हणूनच कुणाला संशय आला नव्हता. गोपाळरावांनी खिशातून खडू काढला, पाट्यांच्या कडेवरून खाली एक्सलच्या बैठकीपर्यंत सरळ उभी रेघ ओढली आणि मननला सांगितलं, पाच वेळा थांब, पाच वेळा नीघ, आणि परत ये.

गाडी परत आली तेव्हा रेघ तुटलेली होती. वरचा अर्धा भाग जागच्या जागी, खालचा अर्धा भाग जवळजवळ बोटभर मागे.

मनन खाली बसून ती रेघ बघत राहिला. बोल्ट पाट्यांच्या आत तुटला आहे, बाहेरून दिसत नाही, गोपाळरावांनी त्याला समजावलं. गाडी रिकामी असली की यू-बोल्टांची पकड पुरते, म्हणून मिस्त्रींसमोर गाडी शहाण्यासारखी वागते. भरली, की अख्खा एक्सल पुढे-मागे सरकतो. मननला घाट आठवला असावा. त्यानं कपाळावरून हात फिरवला. शैलाताईंनी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

तिथेच दुसरी गाडी बोलावून पोती तिच्यात चढवली आणि रिकामी पिकअप हळूहळू गावातल्या कमानीवाल्याकडे, म्हणजे पाटे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे, नेली. तो म्हातारा आधी ऐकेना. ही चाकी मीच महिन्यापूर्वी आवळली आहे, म्हणाला. गोपाळराव वाद घालायला गेले नाहीत, उघडून बघू या एवढंच म्हणाले. एक्सलखाली टेकू देऊन यू-बोल्ट सोडले, पाटे उचलले, आणि बोल्टाचं डोकं भोकातून सुटं निघून म्हाताऱ्याच्या तळहातावर आलं. तुटलेली बाजू गंजून तपकिरी झाली होती, म्हणजे जुनी मोड होती. म्हाताऱ्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि दुकानातल्या मुख्य खुर्चीवर गोपाळरावांना बसवलं.

नवा सेंटर बोल्ट घातला. भोक थोडं लांबट झालं होतं ते भरून नीट केलं. यू-बोल्ट जुने घालायचे नाहीत, नवेच घाला, असा गोपाळरावांनी आग्रह धरला, कारण एकदा ताणले गेलेले बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाहीत. सगळं आवळून पोती परत चढवली, वीस किलोमीटर फिरवून आणली आणि भरल्या गाडीखालीच ते पुन्हा एकदा आवळले. बोल्टाची चाकी अर्धा फेरा फिरली.

शेवटच्या चकरेला तिघंही पुढे बसले. मनन थांबला, निघाला, पुन्हा थांबला. काहीच वाजलं नाही. त्यानं मुद्दाम जोरात ब्रेक मारला, तरी नाही. नेमावरला पोचेपर्यंत सगळे ऐकत होते. पुलाच्या अलीकडे गोपाळराव म्हणाले की मागच्या फळीची एक कडी किंचित किणकिणते आहे, तीही बघून घेऊ.

"काकाजी, उसको रहने दो," मनन म्हणाला. "पाँच महीने बाद सुनाई दी है बिचारी."

शैलाताईंना नर्मदा दिसली. त्यांनी पायऱ्या उतरून पाण्यात पाय घातले, सिद्धनाथाचं दर्शन घेतलं, आणि सुतळी धरलेल्या शैलाताईंचा मननकडून काढून घेतलेला फोटो गोपाळरावांनी अक्षदाला पाठवला. अक्षदाचं हिंदीत उत्तर आलं, आई आता मिस्त्री झाली का.

परत आल्यावर गोपाळरावांनी कानांचा कागद कपाटातून काढला आणि अंशुललाच दाखवला. बारीक, चिमणीसारखे आवाज मला कमी येतात, ते तू ऐक, म्हणाले. जाड आवाज मी ऐकतो. अंशुलला आधी पटेना. मग एका गाडीच्या मागच्या ब्रेकची शिटी त्याला ऐकू आली आणि काकांना आली नाही, तेव्हा पटलं. त्यानं मान वर केली नाही, पण पाना मागताना आवाज जरा मोठा केला. गॅरेजच्या मागे आता वाळूची तीस पोती रचलेली असतात. कोडं घालणारी गाडी आली की ती आधी भरायची आणि मग ऐकायची. पोती चढवायचं काम ड्रायव्हरांना आवडत नाही. पण त्यांच्यासाठी चहा असतो.

लांबून फोनही येतात. कुणी गाडी भरून उभी ठेवतो आणि बोलावतो. अशा वेळी शैलाताई हल्ली स्वतःहून पिशवी भरून तयार असतात. मागच्या महिन्यात नर्मदेकाठच्या निसरपूरचा एक केळीवाला अडला होता. दोघं बसनं इंदूर करून धारला उतरले, तिथल्या बाजारात शैलाताईंनी दोन पोलकी शिवायला कापड घेतलं, आणि मग कुक्षीवरून पुढे गेले. एका दिवसाचं काम होतं, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. केळ्यांचा अर्धा घड आमच्या दारात ठेवून शैलाताई आत गेल्या.

मी गोपाळरावांना विचारलं, एवढं काय झालं होतं गाडीला.

"शॉकरचा वरचा नट," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम. पण ही पाण्याकाठून निघायलाच तयार नव्हती."